तंबू एकदाच ठोका

प्रश्न : मुंबईहून जानेवारीत तीन दिवस रोड सायकल आणि तंबू घेऊन निघायचंय. कोकण किनारा की भंडारदरा?

उत्तर : भंडारदरा. तीन दिवसांत रोज तंबू गुंडाळून पुढे सरकायचं म्हटलं, तर निम्मा वेळ आवराआवरीत जातो आणि चढावर सामानाचं ओझं असतंच. म्हणून तंबू एकदाच लावून रोज रिकाम्या सायकलवर फिरता येईल, अशी जागा निवडावी. भंडारदरा तशीच आहे: तिथल्या प्रवरेवरच्या विल्सन धरणाच्या जलाशयाला रस्ता वळसा घालतो. धरणाजवळच्या शेंडीला तंबू लावून निघायचं, रतनवाडीला अमृतेश्वराचं हेमाडपंती मंदिर पाहायचं आणि साम्रद, घाटघर करत परत तंबूशी. शिवाय इगतपुरीपर्यंत सायकल रेल्वेने नेली की कसारा घाट टळतो. पुढचं अंतर सुमारे ४० किमी, बारीजवळचा चढ धरून.

समुद्राची ओढ मला मान्य आहे. पण 'किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट' हा गैरसमज आहे. दिवेआगर ते हरिहरेश्वर दर खाडीमागे, दर टेकाडामागे चढ-उतार, त्यात दमट हवा. आता भंडारदऱ्याचा वळसा काही गुळगुळीत नाही. पावसाळ्यानंतर खड्डे पडतात. २३ मिमीचे टायर असतील तर बदला, २८ किंवा अधिक रुंद लावा. जानेवारीत पाण्याकाठी दव इतकं पडतं की तंबू सकाळी निथळत असतो, तेव्हा थोडा उंचावर लावा. शनिवार-रविवारी मात्र काठावर स्पीकर ऐकायची तयारी ठेवा. त्यापेक्षा सोमवारी निघा.