ग्रास कटरची दोरी : एक रीळ, एक इलॅस्टिक आणि स्टार्टरची दुरुस्ती



पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्याही वाडीत जा, सकाळी ग्रास कटरचा आवाज येतोच. आंबा-काजूच्या बागेची बेणणी, गणपतीआधी पाखाडी साफ करणं, आणि आपल्या शाळांची मैदानंसुद्धा. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे बाबा हे पेट्रोलचं यंत्र खांद्याला लावून रोजाने जातात. दोरी तुटली की त्या दिवसाचा रोज बुडतो. दुकानात न्यावं तर ऐन हंगामात तिथे रांग. खरं तर दोरी बदलणं घरी जमण्यासारखं काम आहे. पण त्यात एक जागा अशी आहे जिथे हात घालायचा नाही, आणि ती कुठली हे आतली रचना समजल्याशिवाय कळत नाही.

मुलांना ही रचना दाखवायला यंत्र उघडायची गरज नाही. दोऱ्याचं एक रिकामं रीळ, जाड पेन्सिल, सुतळी, नाडीत घालतात ते इलॅस्टिक आणि चिकटपट्टी एवढं साहित्य पुरे. रीळ पेन्सिलीवर ओवा आणि पेन्सिल दोन विटांमध्ये आडवी अडकवा. सुतळीचं एक टोक रिळाला चिकटवून पाच-सहा वेढे द्या. इलॅस्टिकचं एक टोक रिळाच्या दुसऱ्या कडेला चिकटवा आणि दुसरं विटेला बांधा. आता सुतळी ओढली की रीळ फिरेल आणि इलॅस्टिक त्याच्यावर ताणून गुंडाळलं जाईल. हात सैल केला की इलॅस्टिक रीळ उलटं फिरवून सुतळी परत आत घेईल. (उलट होत असेल तर इलॅस्टिकची बाजू बदला. हे मुलांनाच शोधू द्या, त्यात मजा आहे.)

भोवऱ्याला जाळी गुंडाळून फेकणाऱ्या मुलांना पहिला भाग लगेच कळतो. दोरी सुटताना वस्तू फिरते, हे त्यांच्या हातातलं ज्ञान आहे. नवीन आहे ते परत येणं. इथे स्थितिज आणि गतिज ऊर्जा हे शब्द आणायला हरकत नाही, पण आधी दोन प्रश्न विचारा. इलॅस्टिक पूर्ण ताणलं गेल्यावरही सुतळी ओढत राहिलो तर? आणि इलॅस्टिक सुरुवातीलाच सैल असेल तर? पहिल्याचं उत्तर, ते तुटेल. दुसऱ्याचं, सुतळीचा शेवटचा तुकडा आत जाणार नाही, लोंबत राहील. स्टार्टरमध्ये नेमके हेच दोन बिघाड वारंवार होतात.

खऱ्या स्टार्टरमध्ये रिळाच्या जागी खाच असलेली चकती असते आणि इलॅस्टिकच्या जागी चपट्या पोलादी पट्टीची गोल गुंडाळलेली स्प्रिंग. दोरी ओढली की चकतीवरचा खटका इंजिनाला पकडतो, इंजिन सुरू झालं की सोडून देतो. सायकलचं पेडल उलटं फिरवल्यावर चाकावर परिणाम होत नाही, त्याच जातीची ही युक्ती.

आता मोठ्यांसाठी. मुलं आसपास नकोत, आणि जवळ चूलही नको. इंजिन थंड होऊ द्या, स्विच बंद करा, प्लगची टोपी काढून बाजूला करा. स्टार्टरचं झाकण तीन-चार स्क्रूंवर असतं. ते काढलं की आधी मोबाईलवर फोटो घ्या, दोरी कुठल्या बाजूने गुंडाळली आहे तो. दोरी तुटली असेल तर स्प्रिंग आपोआप सैल झालेली असते. नुसती झिजली असेल तर स्प्रिंग अजून ताणात आहे, म्हणून चकती हाताने धरून हळूहळू उलटी फिरू द्या, एकदम सोडू नका.

चकतीच्या मध्यभागचा स्क्रू मात्र काढायचा नाही. हीच ती जागा. त्याच्याखाली स्प्रिंग दबून बसलेली असते आणि मोकळी झाली की उसळून तोंडावर येते. तिची कड धारदार असते. स्प्रिंगच तुटली असेल तर यंत्र दुकानात द्या, किंवा पूर्ण स्टार्टर बदला. दोरी बदलतानाही चष्मा घाला.

नवी दोरी जुन्याच जाडीची आणि लांबीची घ्या. खांद्यावरच्या यंत्रांना साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटरची विणलेली नायलॉन दोरी लागते. कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची दोरी नको, घर्षणाने ती लवकर खराब होते. टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्या, पण हे यंत्रापासून आणि पेट्रोलपासून लांब जाऊन. एक टोक चकतीच्या भोकातून घालून पक्की गाठ मारा आणि गाठ तिच्या खळग्यात नीट बसवा. फोटोप्रमाणे वेढे द्या, दुसरं टोक झाकणाच्या भोकातून बाहेर काढून मूठ बांधा.

मग सगळ्यात महत्त्वाचं. आतल्या बाजूला दोरीचा छोटा फासा ओढून तो चकतीच्या कडेच्या खाचेत अडकवा आणि दोरी ओढल्यावर चकती ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला ती दोन-तीन फेरे फिरवा. हा आधीचा ताण. चकती धरूनच फासा खाचेतून सोडवा आणि दोरी हळूहळू आत जाऊ द्या. फेऱ्यांची संख्या यंत्रागणिक बदलते, म्हणून पाठ करण्यापेक्षा तपासून घ्या : मूठ झाकणाला घट्ट टेकली पाहिजे, लोंबता कामा नये. आणि दोरी पूर्ण बाहेर ओढून धरल्यावरही चकती हाताने निदान अर्धा फेरा पुढे फिरली पाहिजे. फिरत नसेल तर ताण जास्त झाला, एक फेरा कमी करा. मुलांच्या रिळातले दोन प्रश्न इथे परत भेटतात.

झाकण उघडलंच आहे तर आतला गवताचा भुसा ब्रशने काढून टाका. तो साचला की दोरी आत जायला आळस करते.

दोरी लवकर का तुटते, याचं उत्तर बहुतेक वेळा ओढण्याच्या पद्धतीत असतं. आधी हळू ओढून अडथळा लागेपर्यंत आणायची, मग एक जोरकस ओढ. भोकाच्या सरळ रेषेत ओढा, तिरकी ओढली की कडेवर घासते. शेवटपर्यंत खेचू नका. आणि मूठ हातातून सोडून देऊ नका, ती हाताने परत न्या. ती फट्कन आपटण्याचा आवाज काहींना रुबाबदार वाटतो, पण स्प्रिंगचं आणि गाठीचं आयुष्य त्यातच जातं.

दोरी हलतच नसेल तर जोर लावण्याआधी झाकण काढून नुसता स्टार्टर ओढून पाहा. तो मोकळा चालला तर दोष इंजिनात आहे, तिथे नवी दोरी घालून उपयोग नाही. स्टार्टरच अडकत असेल तर भुसा, वेढ्यात अडकलेली दोरी किंवा स्प्रिंग. सहावी-सातवीच्या मुलांना ही रीत जरूर सांगा. बंद पडलेल्या वस्तूचे दोन भाग वेगळे करून कुठला अडतोय ते पाहायचं. रिळाच्या प्रतिकृतीत मुद्दाम एक बिघाड करून ठेवा, जसं की पेन्सिलीवर चिकटपट्टी, आणि त्यांना शोधायला लावा.

खरं यंत्र पाहायचं असेल तर बंद आणि थंड असताना, पालकांना शाळेत बोलावून. चालू असताना 15 मीटरच्या आत कुणीही नको, कारण पात्याने उडालेला खडा फार लांब जातो. शाळेच्या मैदानावर गवत काढणं सुट्टीच्या दिवशीच ठेवा.