पुढे पळणारं घड्याळ ताळ्यावर आणा

कपाटातलं जुनं एचएमटी जनता काढलंत, चावी दिलीत, मनगटावर बांधलंत आणि संध्याकाळपर्यंत ते दहा मिनिटं पुढे? घाबरू नका. लगेच ‘सगळं खोलून साफ करा’ म्हणून कुणाकडे देऊही नका. पुढे पळणारं घड्याळ पुष्कळदा भाग न सोडवता जागेवर येतं. फक्त खालचा क्रम मोडायचा नाही. झाकण उघडायची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि कित्येकदा येतच नाही.

टेबलावर एवढं मांडा: सुईचं होकायंत्र (मोबाइलमधलं नको), डिमॅग्नेटायझर (लाल बटणाचा निळा डबा, काहीशे रुपयांत मिळतो), केस उघडायची सुरी, आयग्लास, कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी असतो तसला रबरी पंप, लाकडी टूथपिक, बटर पेपर, काचेचा पेला, पांढरा कागद आणि वही-पेन्सिल. वही हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार आहे. हसू नका, पुढे कळेल.

१. सकाळी ठरलेल्या वेळी घड्याळ हातातून काढून चावी पूर्ण द्या. चावी अडली की थांबा. ‘अजून एक वेढा’ हा मोह महागात पडतो.

२. मोबाइलच्या वेळेशी मिनिटकाटा जुळवा. सेकंदकाट्याच्या मागे लागू नका. जनतामध्ये चावी ओढली तरी तो फिरतच राहतो. काटे लावून झाले की चावी आत दाबायला विसरू नका.

३. सेकंदांचा फरक वहीत लिहा. समजा घड्याळ १२ सेकंद पुढे आहे, तर ‘+१२’. ते शून्यावर आणायची गरज नाही.

४. चोवीस तास नेहमीसारखं वापरा. मध्येच काटे हलवलेत तर मोजणी पहिल्यापासून.

५. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, चावी देण्याआधी, पुन्हा फरक लिहा. काल +१२ आणि आज +५२ असेल, तर घड्याळ दिवसाला ४० सेकंद पुढे जातंय. हाच आपला आकडा.

६. आकडा बघून वाट ठरवा. घड्याळ कितीही पुढे जात असो, पुढच्या पायरीवर या. ते मिनिटांनी मागे पडत असेल किंवा अधूनमधून थांबत असेल, तर आतलं तेल वाळलंय किंवा कचरा बसलाय. हा लेख त्यासाठी नाही. घड्याळजीकडे द्या, पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्या.

७. होकायंत्र सपाट ठेवून सुई स्थिर होऊ द्या. मोबाइल, स्पीकर, मॅग्नेटचं कव्हर, सगळं हातभर लांब ठेवा, नाहीतर चाचणी फसते.

८. घड्याळाची एकच बाजू आधी सुईच्या उत्तर टोकाजवळ, मग दक्षिण टोकाजवळ न्या. पोलाद नुसतं असेल तर ते दोन्ही टोकांना सारखंच किंचित ओढतं. एक टोक जवळ येऊन दुसरं लांब पळालं, तर घड्याळात चुंबकत्व शिरलंय. मग आतल्या बारीक गुंडाळीची, म्हणजे हेअरस्प्रिंगची, वेटोळी एकमेकींना चिकटतात, स्प्रिंग आखूड असल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटतं. दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाणाऱ्या घड्याळावर पहिला संशय याचाच घ्या.

९. घड्याळ डिमॅग्नेटायझरवर ठेवून बटण दाबा. चाचणीत काहीच निघालं नसेल तरीही ही पायरी करून टाका, नुकसान काही नाही. बटण काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका, डबा तापतो.

१०. बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश वर, हातभर लांब न्या. इथे बरेच जण चुकतात: घड्याळ डब्यावरच असताना बटण सोडतात, आणि गेलेलं चुंबकत्व परत येऊन बसतं. आधी घड्याळ लांब, मगच बोट वर.

११. होकायंत्राची चाचणी पुन्हा करा. सुई अजून पळत असेल तर पायरी ९ आणि १० परत. दोन-तीनदा केलं तरी हरकत नाही.

१२. पुन्हा एक ते पाच. हो, पुन्हा चोवीस तास. आकडा दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत आला असेल तर टेबल आवरा. झाकण उघडू नका! जे बरं झालंय ते ‘आत बघू तरी’ म्हणून उघडणं हाच जुन्या घड्याळांचा खरा शत्रू आहे.

आकडा अजून मोठा आहे? मग चला आत. पंखा बंद करा, खिडकी लावा, हात धुऊन कोरडे करा.

१३. पट्टा काढा. स्प्रिंगबार उडतो, म्हणून दुसऱ्या हाताचा अंगठा त्यावर धरा.

१४. केसची कड आणि झाकणाची कड पुसून घ्या. वर्षानुवर्षांचा घाम आणि मळ तिथे साठलेला असतो. झाकण उघडताच तो थेट यंत्रात पडेल.

१५. झाकणाच्या कडेला नखाएवढी खाच शोधा. जनतासारख्या घड्याळांना बहुधा दाबाचं झाकण असतं. कडेला गोलाकार सहा खाचा दिसल्या तर ते आट्यांचं आहे, सुरी लावू नका. रबरी चेंडू घट्ट दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरवा.

१६. सुरीचं पातं खाचेत ठेवून हलकंच पिळा. ढकलू नका. पातं घसरलं तर आधी बोट कापेल, मग यंत्रावर ओरखडा येईल.

१७. झाकण सरळ वर उचलून पालथं ठेवा. कुठली बाजू चावीकडे होती ते लक्षात ठेवा. काही झाकणांना चावीच्या दांड्यासाठी कड कापलेली असते.

१८. पंपानं एकदा फुंकर मारा. तोंडानं नाही, थुंकीच्या एका कणानं पोलादी भागावर गंज चढतो.

१९. आयग्लास लावून हेअरस्प्रिंग बघा. बॅलन्स व्हील डावी-उजवीकडे हेलकावे घेतंय, त्याच्यावर ती बारीक गुंडाळी आहे. ती श्वास घेतल्यासारखी सगळीकडून सारखी उघडते-मिटते आहे का? वेटोळ्यांमधलं अंतर एकसारखं आहे का? एका बाजूला वेटोळी चिकटून चालत असतील तर तेल लागलंय किंवा धक्क्यानं स्प्रिंग वाकली आहे. इथे तुमचं काम संपलं. झाकण लावा आणि घड्याळजीकडे जा. टोकदार चिमट्यानं वेटोळी सोडवायला गेलात तर ती कायमची वाकतील.

२०. बॅलन्सवरच्या पट्टीवर रेग्युलेटरची कडी शोधा. शेजारी ‘+’ आणि ‘−’ कोरलेलं असतं, काही घड्याळांत ‘एफ’ आणि ‘एस’. कड्या दोन दिसल्या तर नीट बघा: हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक जिला पक्कं बसवलंय, तिला हात लावायचा नाही. जिच्या टोकाच्या दोन बारीक पिनांमधून हेअरस्प्रिंग जाते, ती आपली.

२१. मोबाइलवर कडीचा जवळून फोटो काढा. बिघडलंच तर परत येण्याचा पत्ता हाच. फोटो झाला की मोबाइल पुन्हा लांब ठेवा.

२२. कोपर टेबलावर आणि करंगळी केसच्या कडेवर टेकवा. अधांतरी हातानं इथे काम करायचंच नाही.

२३. टूथपिकनं कडीचं बाहेरचं टोक ‘−’ कडे केसभर सरकवा. आडवं ढकला, खाली दाबू नका. धातूचा पेचकस नको. तो घसरला की बॅलन्स गेला. कडी हललेली डोळ्यांना जेमतेम जाणवली पाहिजे. स्पष्ट दिसण्याइतकी हलली तर ते जास्तच झालं. निम्मी परत आणा.

२४. झाकण हलकंच वर ठेवून घड्याळ पेल्याखाली झाका. पूर्ण दाबून बसवू नका, पुन्हा उघडावं लागेल.

२५. चोवीस तासांनी आकडा काढा आणि हवं तर कडी परत केसभर. मोबाइलवर घड्याळाची टिकटिक ऐकून वेग सांगणारं ॲप असेल तर त्यात ठोके तासाला १८,००० ठेवा, म्हणजे सेकंदाला पाच. त्यानं अंदाज लवकर येतो, पण शेवटचा शब्द वहीचाच.

२६. जमलं की झाकणाची रबरी कडी जागेवर बसवा. तुटकी असेल तर नवी घाला.

२७. बटर पेपर मध्ये धरून दोन्ही अंगठ्यांनी झाकण दाबा. ‘टक्’ आवाज आला पाहिजे. प्रेस वापरत असाल तर खालची गोल डाय काचेवर नाही, केसच्या कडेवर टेकेल एवढी मोठी घ्या. नाहीतर काच तडकते.

२८. रात्री घड्याळ वेगवेगळ्या स्थितीत ठेवून बघा. एका रात्री तबकडी वर, दुसऱ्या रात्री चावी खाली. कुठल्या स्थितीत ते थोडं मागे पडतं ते वहीत लिहा. दिवसभर ५-१० सेकंद पुढे जाणारं घड्याळ रात्री त्याच स्थितीत ठेवलंत की हिशेब फिटतो, कडीला हात न लावता.

१७ ज्वेलचं जुनं चावीचं घड्याळ दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत चालत असेल तर ते उत्तम चालतंय. मॅग्नेटच्या फ्लिप कव्हरवर मात्र ते ठेवू नका, नाहीतर उद्या पुन्हा पायरी सातवर याल.