विक्रम पायांचा की पादत्राणांचा?

प्रास्ताविक

धावण्याची शर्यत हा सर्वांत साधा खेळ मानला जातो. त्याला बॅट लागत नाही, जाळे लागत नाही, प्रशस्त क्रीडागृहही लागत नाही. प्रारंभरेषा, अंतिम रेषा आणि घड्याळ एवढ्यावर त्याचे भागते. म्हणूनच धावण्यातील विक्रम हा निखळ मानवी सामर्थ्याचा पुरावा आहे, अशी आपली समजूत असते. गेल्या काही वर्षांत या समजुतीला धक्का बसला आहे, आणि त्याचे कारण आहे धावपटूच्या पायातील बूट. अमेरिकेतील शालेय धावपटूंच्या उदाहरणावरून हा प्रश्न आपण या पाठात समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण पुढील गोष्टी करू शकाल :
- नव्या प्रकारच्या बुटांचे कार्य सोप्या शब्दांत सांगणे;
- वेळेची तुलना आणि क्रमांकाची तुलना यांतील फरक स्पष्ट करणे;
- एखाद्या यशामागील अनेक कारणांचा साधकबाधक विचार करणे.

मूळ पाठ

अमेरिकेत नववी ते बारावी या चार वर्षांच्या शिक्षणाला हायस्कूल म्हणतात. तेथील शालेय जीवनात खेळांना मोठे स्थान आहे. शरद ऋतूत माळरानावरून, टेकड्यांवरून आणि गवताळ वाटांवरून धावण्याच्या शर्यती होतात. त्यांना क्रॉस-कंट्री असे नाव आहे. वसंत ऋतूत हीच मुले आखलेल्या गोल मार्गावर धावतात. तेथे सर्वाधिक कुतूहल असते ते एक मैलाच्या, म्हणजे सुमारे १,६०९ मीटरच्या शर्यतीचे. हे अंतर चार मिनिटांच्या आत कापणे मानवाला शक्य आहे काय, असा प्रश्न एकेकाळी विचारला जाई. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावून त्याचे उत्तर दिले.

त्यानंतर दहाच वर्षांनी एका शाळकरी मुलाने तो टप्पा ओलांडला. कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात शिकणारा जिम रायन तेव्हा सतरा वर्षांचा होता. जून १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन येथे प्रौढ धावपटूंच्या शर्यतीत तो ३ मिनिटे ५९.० सेकंदांत धावला. त्या शर्यतीत त्याचा क्रमांक आठवा आला, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. पुढच्या वर्षी त्याने ३ मिनिटे ५५.३ सेकंदांची वेळ नोंदवली आणि ऑलिंपिक विजेत्या पीटर स्नेल यांना मागे टाकले. त्याच वर्षी केवळ शालेय मुलांच्या एका शर्यतीतही तो चार मिनिटांच्या आत धावला होता. त्या काळी शर्यतीचे बहुतेक मार्ग कोळशाच्या जळक्या खड्यांचा चुरा दाबून केलेले असत. पावसात ते भिजून जड होत आणि पायाखालून सरकत. बुटांचा तळ पातळ व कठीण असे आणि त्याला खिळे असत. पायाला उसळी देईल असे त्यात काहीच नव्हते.

रायननंतर आणखी दोन शालेय धावपटूंनी चार मिनिटांचा टप्पा ओलांडला. १९६७ नंतर मात्र तब्बल तेहतीस वर्षे एकाही अमेरिकी शाळकरी मुलाला ते जमले नाही. या काळात मार्ग सुधारले; १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून कृत्रिम पृष्ठभागाचे मार्ग रूढ होत गेले. बूटही हलके झाले. तरीही दार बंदच राहिले. अखेर २००१ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील ॲलन वेबने आधी बंदिस्त मार्गावर चार मिनिटांची मर्यादा मोडली आणि मे महिन्यात युजीन येथे ३ मिनिटे ५३.४३ सेकंदांची वेळ देऊन रायनचा छत्तीस वर्षांचा शालेय विक्रम मागे टाकला. चांगले साहित्य हाती असूनही माणूस मागे पडू शकतो, हे त्या तेहतीस वर्षांनी दाखवून दिले. साहित्याला सर्व श्रेय देणाऱ्यांनी तो काळ विसरू नये.

पाठगत प्रश्न १
१. जिम रायनच्या काळातील मार्ग व बूट कसे होते?
२. १९६७ ते २००१ या काळातील कोणती गोष्ट विचारात पाडणारी आहे?

बुटाच्या तळात काय बदलले?

धावताना पाऊल जमिनीवर आदळते तेव्हा बुटाचा मऊ थर दबतो आणि पाऊल उचलताना तो पुन्हा फुगतो. दबताना त्यात साठलेल्या ऊर्जेपैकी काही भाग पायाला परत मिळतो, उरलेला उष्णतेच्या रूपाने वाया जातो. सैल वाळूत आणि कडक जमिनीवर चालताना पडणारा फरक आपण अनुभवला असेल. वाळू आपली शक्ती गिळून टाकते.

जुन्या शर्यतीच्या बुटांतील थर साठलेल्या ऊर्जेचा सुमारे दोनतृतीयांश भाग परत देई. २०१७ मध्ये नाइके कंपनीने बाजारात आणलेल्या व्हेपरफ्लाय या बुटात एक नवा, अतिशय हलका फोम वापरला होता. प्रयोगशाळेतील मोजणीत तो सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत देत असल्याचे आढळले. फोम हलका असल्याने त्याचा थर जाड ठेवता आला. त्या थरात कार्बन तंतूंची एक ताठ, वक्र पट्टीही बसवलेली होती. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी अठरा धावपटूंवर प्रयोग केला. ठरावीक वेगाने धावण्यासाठी लागणारी ऊर्जा या बुटांमुळे सरासरी चार टक्क्यांनी कमी झाली, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला असा की, बूट शक्ती निर्माण करतो. तसे मुळीच नाही. तो धावपटूचीच शक्ती कमी वाया जाऊ देतो. दुसरा असा की, सारी किमया कार्बनच्या पट्टीची आहे. पुढे काही संशोधकांनी याच बुटातील पट्टी कापून प्रयोग केला, तेव्हा ऊर्जेच्या खर्चात फारसा फरक पडला नाही. म्हणजे मोठा वाटा फोमचा असावा. ऊर्जा चार टक्के वाचली म्हणून वेळही चार टक्क्यांनी घटते, असेही नाही. वेळेतील लाभ त्याहून कमी असतो. शिवाय तो सर्वांना सारखा मिळत नाही. एकाला ज्या बुटाचा चांगला उपयोग होतो, तोच दुसऱ्याला जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हिएन्ना येथे एल्युड किपचोगे यांनी खास आखलेल्या उपक्रमात मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण केले आणि या बुटांची चर्चा जगभर पोहोचली. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने जानेवारी २०२० मध्ये नियम केला : रस्त्यावरील शर्यतीच्या बुटाचा तळ ४० मिलिमीटरहून जाड नसावा आणि त्यात एकच ताठ पट्टी असावी. त्याच वर्षी हा फोम खिळ्यांच्या बुटांतही आला. ऑगस्टमध्ये युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेई यांनी असे बूट घालून ५,००० मीटरचा सोळा वर्षांचा जागतिक विक्रम मोडला. गोल मार्गावरील लांब शर्यतींसाठी तळाची मर्यादा आधी २५ मिलिमीटर होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती २० मिलिमीटर करण्यात आली.

शाळेच्या मैदानावर

आता पुन्हा शाळेकडे वळू. १९६४ ते २०१९ या पाच दशकांहून अधिक काळात केवळ दहा अमेरिकी शालेय मुले चार मिनिटांच्या आत मैल धावली होती. पुढे २०२२ या एकाच वर्षात चार मुलांनी ते साधले. मुलींच्या शर्यतींतही तीच गती दिसली : २०२५ मध्ये युटा राज्यातील जेन हेडेनग्रेन हिने ५,००० मीटर अंतर पंधरा मिनिटांच्या आत कापले. अमेरिकी शालेय मुलींमध्ये तसे करणारी ती पहिलीच. हे आकडे पाहून बूट आले आणि विक्रम मोडले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरण्यासाठी एका शाळेची हकिकत पाहणे आवश्यक आहे.

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेस न्यूबरी पार्क नावाची वस्ती आहे. तेथील सरकारी हायस्कूलच्या मुलांनी २०१९ मध्ये क्रॉस-कंट्रीचे राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळवले. वैयक्तिक विजेता निको यंगही याच शाळेचा. महासाथीमुळे पुढील दोन वर्षे ती स्पर्धा भरली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे देशभरातील नामवंत संघ एका दुसऱ्या स्पर्धेसाठी एकत्र आले. पाच किलोमीटरच्या त्या शर्यतीत पहिला कॉलिन साल्मन, दुसरा लिओ यंग आणि तिसरा लेक्स यंग आला. तिघेही न्यूबरी पार्कचे! लिओ आणि लेक्स हे जुळे भाऊ, निकोचे धाकटे बंधू.

क्रॉस-कंट्रीतील गुणांची पद्धत येथे समजून घेतली पाहिजे. प्रत्येक संघाचे सात धावपटू धावतात. त्यांतील पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज केली जाते आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी ठरतो. समजा, एका शाळेचे धावपटू १, २, ३, ३० व ४० या क्रमांकांवर आले, बेरीज ७६. दुसऱ्या शाळेचे ४, ६, ७, ९ व १२ वर आले, बेरीज ३८. पहिले तिन्ही क्रमांक मिळवूनही पहिली शाळा हरली. अशा खेळात दोन-तीन गुणवान मुलांच्या बळावर वर्चस्व टिकत नाही. पाचव्या मुलाचीही तितकीच मशागत करावी लागते.

न्यूबरी पार्कची मुले उत्तम बूट वापरत होती, यात शंका नाही. पण हंट्सव्हिलला आलेल्या इतर बलाढ्य संघांनाही तसे बूट दुकानात उपलब्ध होते. जे साधन सर्व प्रमुख स्पर्धकांच्या पायांत असते, त्यामुळे सर्वांच्या वेळा सुधारतात. कोण कोणाच्या पुढे, हे मात्र त्याने फारसे ठरत नाही. भरतीचे पाणी सर्व होड्यांना सारखेच वर उचलते. न्यूबरी पार्कच्या क्रमांकांचे कारण अन्यत्र शोधावे लागते : शॉन ब्रॉस्नन या प्रशिक्षकांची शिस्तबद्ध आखणी, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील बिग बेअर येथे उन्हाळ्यात केलेला सराव आणि एकमेकांना पुढे खेचणारे सोबती. शाळेचे असे वर्चस्व जुन्या बुटांच्या काळातही होतेच. इलिनॉय राज्यातील यॉर्क हायस्कूलचे प्रशिक्षक जो न्यूटन यांनी सुमारे सहा दशकांच्या कारकिर्दीत राज्यस्तरावर अठ्ठावीस विजेतेपदे मिळवून दिली. त्या काळात बूट कितीदा तरी बदलले.

वेळेचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. १९६५ चा रायन आणि २०२२ चा मुलगा यांची घड्याळे समोरासमोर ठेवणे न्याय्य नाही. मार्ग वेगळा, बूट वेगळा, प्रशिक्षणाचे ज्ञानही वेगळे. शिवाय नव्या बुटांमुळे पाय कमी दुखतात आणि दुसऱ्या दिवशीचा सराव चांगला होतो, असे अनेक धावपटू सांगतात. तो लाभ एका शर्यतीच्या मोजमापात पकडता येत नाही. तरी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. हॉब्स केस्लरने २०२१ मध्ये १,५०० मीटरचा शालेय विक्रम मोडला, पण वेबचा एक मैलाचा विक्रम २०२५ अखेरपर्यंत अबाधित होता. चार मिनिटांचे दार ओलांडणारे वाढले. त्या उंचीवर पोहोचणारे मात्र तसेच विरळ राहिले.

माझ्या मते खरी चिंता वेगळीच आहे. अमेरिकी शाळांत क्रॉस-कंट्री हा असा खेळ आहे की, त्यात सहसा कोणालाही संघातून वगळले जात नाही. बेताच्या परिस्थितीतील मूलही त्यात उतरू शकते. व्हेपरफ्लाय बाजारात आला तेव्हा त्याची किंमत २५० डॉलर होती, आणि असे बूट टिकायलाही कमी. सधन वस्तीतील शाळेचे पाचही धावपटू ते सहज घेतील. गरीब वस्तीतील शाळेचा पाचवा मुलगा काय करील? बेरीज तर पाचांचीच व्हायची आहे. वर म्हटलेले भरतीचे पाणी त्याच्या होडीपर्यंत पोहोचतच नाही. स्पर्धकांमध्ये बूट समान असतील तर क्रमांक प्रामाणिक राहतात. ते समान नसतील तर क्रमांकावरही विश्वास ठेवता येत नाही. तळाची जाडी मोजणाऱ्या नियमांना ही विषमता मोजता येत नाही.

वाढत्या वयाच्या हाडांचाही विचार करावा लागेल. कार्बन पट्टीचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पावलातील एका लहान हाडाला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. पाच उदाहरणांवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु रोजच्या सरावासाठी साधे बूट आणि शर्यतीपुरतेच हे बूट, एवढी सावधगिरी बाळगायला काय हरकत आहे?

शब्दार्थ

निखळ – शुद्ध, भेसळ नसलेले
साधकबाधक – दोन्ही बाजूंनी केलेला
मशागत – (येथे) काळजीपूर्वक केलेली तयारी
अबाधित – न मोडलेला
विषमता – असमानता

पाठान्त प्रश्न

१. ‘बूट शक्ती निर्माण करीत नाही’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. न्यूबरी पार्कच्या यशाचे कारण केवळ बूट का मानता येत नाही? आपल्या शब्दांत लिहा.
३. एका संघाचे पहिले पाच धावपटू २, ५, ८, ११ व १९ या क्रमांकांवर आले, तर दुसऱ्याचे १, ३, ४, १७ व २२ या क्रमांकांवर. कोणता संघ जिंकला?
४. शालेय शर्यतींत महागड्या बुटांवर बंदी असावी काय? दोन्ही बाजू मांडून आठ ते दहा वाक्यांत आपले मत लिहा.