सरळ केलेल्या बंपरची कैफियत

मोटारीच्या पत्र्याचे काम ज्याला करून घ्यावयाचे आहे त्याने दुकानातील चकचकीत फरशी आणि भिंतीवर चौकटीत बसवून टांगलेली प्रशस्तिपत्रे पाहून कारागिराविषयी आपले मत बनवू नये, हे मी आता जाहीरपणे लिहून ठेवतो. कारण आमच्या १९८२ सालच्या व्होल्वो २४० गाडीचा मागचा बंपर ज्या बॉडी शॉपमध्ये सरळ करून घेतला तेथे अशा प्रशस्तिपत्रांची मुळीच वाण नव्हती. ही हकीगत कॅलिफोर्नियातली. दुकानदाराचे नाव मी घेत नाही. बिलावर ते ठळक अक्षरांत छापलेले आहे, तेवढे मला पुरे.

त्या काळच्या अमेरिकी नियमांप्रमाणे ताशी पाच मैल वेगाची धडक गाडीची खराबी न होता बंपराने सोसावी अशी अपेक्षा असे (पुढे त्याच वर्षी ही मर्यादा अडीच मैलांवर उतरविण्यात आली), आणि म्हणून या गाडीच्या काळ्या आवरणाखाली ॲल्युमिनियमची एक पोकळ तुळई असून ती दोन शॉक ॲब्सॉर्बरांच्या आधाराने चौकटीला जोडलेली असते. दुसऱ्या एका गाडीच्या ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याने या तुळईला मध्यभागी पोक आणला होता. तो कसा व कोणामुळे, हा वाद विमा कंपनीशी केव्हाच मिटला आहे.

ॲल्युमिनियम म्हणजे पोलाद नव्हे, ही गोष्ट पत्र्याच्या धंद्यात जन्म घालविलेल्या माणसाला मी सांगावी असा प्रसंग यावयास नको होता. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेल्या ज्या मिश्रधातूंच्या अशा तुळया काढतात त्यांचे बळ कारखान्यात तापवून, पाण्यात विझवून आणि मग मंद उष्णतेवर मुरवून आणलेले असते. दोनशे अंश सेल्सिअसच्या वर काही वेळ राहिले की ते बळ ओसरू लागते आणि चारशेच्या घरात नेले की धातू अगदी नरम पडतो. त्यातही फसगत अशी की पोलाद तापले म्हणजे लाल होऊन आपण तापल्याची वर्दी देते, तर ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही. म्हणून जुने कारागीर ॲसिटिलिनच्या धुरकट ज्योतीने त्यावर काजळी धरवितात आणि मग ज्योत स्वच्छ करून काजळी जळून जाईतो तापवितात. मडगार्डाच्या पातळ पत्र्यासाठी ही युक्ती उत्तम. धडक सोसणाऱ्या तुळईसाठी ती घातक.

हे सारे मी दुकानाच्या मालकाला सविस्तर सांगितले होते, इतकेच नव्हे तर कामाच्या कागदावर ‘उष्णता देऊ नये, थंड दाबूनच सरळ करावे’ अशी ओळ स्वहस्ते लिहून खाली सही केली होती. तो कागद त्याने पुढ्यात घेतला, मान डोलावली आणि स्मित केले. गाडी परत आली तेव्हा दोरी धरून पाहिले तरी तसूभर बाक दिसेना. मी त्याची तोंड भरून स्तुती केली, याचा मला आज सर्वांत अधिक संताप येतो.

पुढे किराणा दुकानाच्या आवारात गाडी मागे घेताना, माणूस चालतो त्याहूनही मंद गतीने, ती एका बुटक्या खांबाला टेकली. आदळली असे म्हणणेही अतिशयोक्ती ठरेल. खाली उतरून पाहतो तो बंपर मधोमध आत गेलेला, आणि तोही नेमका पूर्वीच्याच जागी. घरी आवरण उतरविले. तुळईचा बाहेरचा भाग स्वच्छ पुसलेला होता, परंतु पोकळीच्या आतल्या कडेला, जेथे फडके पोचत नाही अशा कोपऱ्यात, काजळीचा एक बोटभर पट्टा तसाच राहिला होता. मी जुनी कानस घेऊन प्रथम टोकाशी घासली. ती कुरकुरत सरकली आणि बारीक भुकटी पडली. मग मध्यभागी तितक्याच दाबाने घासली, तो दाते धातूत रुतले आणि लोण्याच्या पापुद्र्यासारखे मऊ कीस त्यांत भरून बसले. आतली आडवी भिंत तर उभी चिरली होती. त्या क्षणी, प्रयोगशाळेचा अहवाल न मागविता, या तुळईचे काय केले गेले ते मला पुरते उमगले.

मालकाकडे तुळई घेऊन गेलो तेव्हा त्याने ती हातातही घेतली नाही. जुन्या गाड्यांचे असेच व्हायचे, धातू थकतो, असे तो उद्गारला. माझ्या हस्ताक्षरातील ओळ दाखविली असता, ती ‘ग्राहकाची इच्छा’ होती, दुकानाची हमी नव्हे, असा कायदेशीर खुलासा त्याने केला. आणि काजळीविषयी विचारताच त्याला एकाएकी दूरध्वनी घ्यावयाचा होता. काजळीचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

आता इतरांसाठी दोन गोष्टी. तुळईला नुसता सौम्य बाक आला असेल तर ती लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने जलशक्तीच्या दाबयंत्रात थंडच सावकाश दाबता येते; ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असल्यामुळे ते अधिक उसळून मागे येते, तेव्हा सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावे लागते. परंतु तीक्ष्ण मोड पडली असेल किंवा आतली भिंत चुरगळली असेल तर ती दुरुस्त करू नये, फेकून द्यावी. एकदा सरळ केलेली दुसऱ्यांदा वाकवू नये. काम झाल्यावर भेगा शोधण्याचा लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी फवारणी करून पाहण्याचा आग्रह धरावा. भेग असेल तेथे तांबडी रेघ उमटते. शॉक ॲब्सॉर्बरांत वायू दाबून भरलेला असू शकतो, म्हणून त्यांच्यावर ज्योत किंवा ड्रिल चालवू देऊ नये. पोलादावर वापरलेला तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवू देऊ नये, कारण त्यातले लोहकण रुतून तेथे गंज धरतो. बाकी, दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा, छायाचित्रे काढून ठेवावी, हे सर्वांना ठाऊक आहेच.

कॅलिफोर्नियात कायद्याने काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक द्यावे लागते, आणि काम सोपवितानाच मागितले तर बदललेले जुने भाग ग्राहकाला परत मिळतात. हा हक्क अवश्य बजावावा. तक्रारीसाठी ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर हे सरकारी खाते आहे. माझा अर्ज तेथे दाखल आहे, सोबत कानशीने घासलेल्या दोन्ही जागांची छायाचित्रे जोडली आहेत.

आज गाडीला भंगारवाड्यातून आणलेली दुसरी तुळई बसविली आहे. तिला त्या दुरुस्तीच्या बिलाच्या निम्मेदेखील पैसे पडले नाहीत. ते बिल मी जपून ठेवले आहे. ज्या मराठी मंडळींना याच भागात पत्र्याचे काम करून घ्यावयाचे असेल त्यांनी खुशाल येऊन नाव वाचून जावे.