प्रश्न विचारून शिकविणे

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७



चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगून आपण विचारतो, "मदत कोणी केली?" सारा वर्ग एका सुरात उत्तर देतो. "आपणही तसेच करावे ना?" "हो!" पाठ संपला. पण मुलांच्या मनात काही हालले काय?

प्रभू येशूची रीत पाहा. सार्वकालिक जीवनाविषयी विचारणाऱ्या शास्त्र्याला तो आधी त्याचेच नियमशास्त्र विचारतो. मग दाखला सांगतो. शेवटी, तिघांपैकी शेजारी कोण ठरला, हे त्याच्याच तोंडून वदवितो. शास्त्री 'शोमरोनी' हा शब्द उच्चारीत नाही, दया करणारा एवढेच म्हणतो. तरी निर्णय त्याचा स्वतःचा असतो. त्यानंतरच प्रभूची आज्ञा येते.

आपणही तीन पायऱ्यांनी जावे. काय घडले? याजक व लेवी दुसऱ्या बाजूने का गेले असतील? आणि मी तेथे असतो तर?

तिसऱ्या पायरीसाठी मी आपल्या हैदराबादचीच एक हकीकत घेतली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला व हजारो लोक बुडाले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० लोक वाचले. मी विचारले, "तू फांदीवर आहेस. खालून एक अनोळखी माणूस हात वर करतो. फांदी मोडेल अशी भीती आहे. तू काय करशील?"

वर्ग गप्प झाला. उत्तर माझ्याच ओठांवर आले होते. पण मी थांबलो. अखेर एक मुलगा म्हणाला, "मला भीती वाटेल." कोणी हसले. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "याजकालाही भीतीच वाटली असेल का?"

इतकी वर्षे हा दाखला सांगताना मी याजकाला केवळ दोष दिला होता. त्या दिवशी तो मला माझ्यासारखा दिसला.

म्हणून प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजा. 'हो-नाही'त संपणारे प्रश्न टाळा. आधी प्रश्न, मग मुलाचे नाव घ्या, म्हणजे सर्वच विचार करतील. उत्तर तेलुगू किंवा हिंदीत आले तरी स्वीकारा. चुकलेल्या उत्तरावर कोणाला हसू देऊ नका.

गृहपाठ : मार्क ८:२७-३० वाचा. प्रभू आधी लोकांचे मत विचारतो, मग शिष्यांचे स्वतःचे. हा क्रम का? पुढील रविवारच्या पाठासाठी असे दोन प्रश्न लिहून काढा, आणि प्रार्थनेत पहिल्याने स्वतःला विचारा.