एक दिवस उशीर, दोन महिन्यांचे व्याज

दिवाळीच्या सुट्टीत मामाचा अमेरिकेतून फोन आला. तो कनेटिकट राज्यात राहतो. आईने गाडीचे विचारले तर म्हणाला, "ताई, गाडी दारातच उभी आहे. रजिस्ट्रेशन संपलंय आणि कर भरेपर्यंत नूतनीकरण करून देत नाहीत." तो महिनाभर रात्रपाळीला मित्राच्या गाडीतून जात होता.

आपल्याकडे खासगी गाडीचा कर बहुतेक राज्यांत गाडी घेतानाच एकरकमी भरतात. कनेटिकटमध्ये मात्र गाडी घरासारखीच मालमत्ता धरतात आणि तिच्यावर त्या गावचे स्थानिक प्रशासन दरवर्षी कर लावते. बिल साधारणपणे 1 जुलैला देय होते. 1 ऑगस्टपर्यंत भरले तर व्याज नाही. त्यानंतर महिन्याला दीड टक्का, म्हणजे वर्षाला 18 टक्के.

मी लगेच वही काढली. समजा कर 400 डॉलर आणि भरला 2 ऑगस्टला. एकच दिवस उशीर, म्हणून एका महिन्याचे व्याज 6 डॉलर. मामा हसला. उत्तर 12 डॉलर! मुदत चुकली की व्याज मागे जाऊन 1 जुलैपासून मोजतात, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. म्हणून जुलै एक, ऑगस्ट दोन. नोव्हेंबरमध्ये भरला तर पाच महिने, साडेसात टक्के, 30 डॉलर. हे सरळव्याज आहे, चक्रवाढ नाही. सूत्र आपण सातवी-आठवीत शिकलो तेच. चूक होते ती महिने मोजताना. (फॉल-इनला अर्धा मिनिट उशीर झाला तरी 'लेट' लागतो, हे माहीत असून मी चुकलो.)

मग मी मामाची बाजू घेतली. त्याने घर बदलले होते, बिल जुन्या पत्त्यावर गेले. बिलच हातात आले नाही तर व्याज कसले? पण तिथल्या कायद्यानुसार बिल न मिळाल्याने कर माफ होत नाही आणि व्याजही नाही. मला हे अजून पटलेले नाही. बाबा म्हणाले, "गाडी त्याची, तारीख त्यालाच ठाऊक हवी." आई भावाच्या बाजूने होती.

तीस डॉलरचे मामाला फारसे वाटले नाही. थकबाकीदारांची नावे मोटार वाहन विभागाकडे जातात आणि गाडी अडते, हे मात्र त्याला झोंबले. त्याच आठवड्यात त्याने कर आणि व्याज भरले, नवा पत्ता कळवला आणि मला 1 ऑगस्टच्या आधी आठवण करायला सांगितले. मी ती तारीख कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवली आहे.