तण म्हणून उपटतो, ती भाजी आहे

पाऊस पडून पंधरा दिवस झाले की अंगणात, परसात, अगदी कुंडीतसुद्धा तण उगवते. आपण ते उपटून फेकतो. निंदणीला जाणाऱ्या आपल्या आया-आज्या मात्र त्यातलेच निवडून ओटीत आणत आणि रात्री भाकरीबरोबर त्याची भाजी होई. पुढे हाती चार पैसे आले, तशी ‘गरिबीची भाजी’ म्हणून ती ताटातून गेली आणि तिची ओळखही विसरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा वेळी दारातली पालेभाजी फेकण्यात शहाणपण नाही. पण ओळख पक्की हवी.

घोळ : जमिनीलगत पसरते. देठ लालसर व गुळगुळीत, पाने जाड, चव आंबट. डाळीत घालून चांगली लागते. तिच्याजवळच पसरणाऱ्या दुधीचा देठ मोडला की पांढरा चीक निघतो. घोळीला चीक नसतो. चीक दिसला की ती घोळ नव्हे, टाकून द्या.

टाकळा : फक्त कोवळा पाला घ्यावा. एका देठावर पानांच्या साधारण तीन जोड्या, टोके गोलसर. कासविंद्याला चार-पाच जोड्या असतात व पाने टोकदार असतात. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुले दगावल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. मुलांना त्याच्या शेंगांशी खेळू देऊ नका.

काटेमाठ : पानाच्या बगलेत काटे असतात. कोवळे शेंडे खुडून माठासारखी भाजी करावी.

कुर्डू : तुरा येण्याआधीची पाने घ्यावीत.

केना : निळ्या फुलांचा. पानांची भजी होते.

गाजरगवत आणि धोतरा कधीही खाऊ नयेत.

कुठून खुडावी? गटाराकाठची, उकिरड्यावरची, वाहत्या रस्त्याकडेची नको. दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणाऱ्या भगिनींनी आधी विचारावे, “तणनाशक मारले आहे का?” अनेक तणनाशके पानाच्या आत शिरतात, धुऊन जात नाहीत. नक्की कळत नसेल तर खुडू नये.

कशी शिजवावी? तीन-चार पाण्यांत धुवावी. घोळ व माठ यांत ऑक्झलेट असते. उकळून पाणी टाकल्याने ते कमी होते. मूतखडा झालेल्यांनी या भाज्या डॉक्टरांना विचारूनच खाव्यात. पालेभाजीतले लोह शरीराला कमी मिळते, म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. रक्तक्षय असेल तर दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात. भाजी ही त्यांची जोड आहे, बदली नव्हे.

पहिल्यांदा खाताना एकाच जातीची, थोडीच खावी. पुस्तकातल्या चित्रावर विसंबू नका. वस्तीतल्या जाणत्या आजीला या रविवारी परसात घेऊन जा, सोबत मुलांनाही न्या. तिच्या हाताने खुडलेले पान मुलांनी एकदा हातात धरले, की ही ओळख पुढच्या पिढीत जाईल.